पोत्यातलं मडकं

बेंबळी, ता. ८ फेब्रुवारी १९४४

चि. नागप्पास शिवलिंगप्पाचा आशीर्वाद. शिवकृपेने इकडे सगळे बरे, एक तुझी वहिनी सोडून.

ज्वारीची पाटी उचलताना गौराच्या कमरेत उसण भरली. दहा दिवस झाले, सरळ उभं राहता येत नाही. सरकलेला मणका बसवायला मी रोज तेल लावून अंगठे रोवतो. पंचक्रोशीची हाडं बसवली, घरातलंच बसेना. काल ती म्हणाली की सोलापूरला भावजींकडं न्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू दवाखान्याच्या भिंतीवर मणक्यांचे तक्ते लावून बसतोस आणि आपल्याच गावचे लोक माझा ओटा सोडून तुझ्याकडे येतात, हे मला खुपतं. हाडं बसवायला शिकवताना आपल्या वडिलांनी, आप्पांनी, पोत्यात मडकं फोडून वरून चाचपत जुळवायला लावलं, ते मला जमलं होतं, तुला नाही.

तरी मंगळवारी रामकिसनच्या गाडीनं तिला पाठवतो. मी येणार नाही. मुलांना आशीर्वाद.

सोलापूर, ता. २१ फेब्रुवारी १९४४

ती. अण्णांस नागप्पाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

वहिनी काल अंगणात चालल्या. आमच्या शास्त्रात तीन मतं आहेत. जुने म्हणतात, मणका सरकून नस दाबतो. दुसरे म्हणतात, तो जागेवरच असतो, फक्त हलायचा थांबतो. तिसरे म्हणतात, दुखण्याच्या भीतीनं स्नायूच आवळून धरतात. सगळं पाठ होतं, पण वहिनींचं कशात बसतं ते कळेना. शेवटी डोळे मिटले आणि पोतं चाचपावं तशी पाठ चाचपली. मणका जागेवरच अडकला होता; हळूहळू हलवून मोकळा केला. न सरकलेलं तुम्ही ढकलत होतात. आपल्या घरात मोडलेलं आणि निखळलेलं, एवढंच माहीत.

रागावू नका. आप्पांनी हात धरून शिकवलं ते तुम्हाला, मला शाळेत घातलं. तेव्हापासून तुमचा हेवा करतो आहे. वहिनी उद्या निघतील. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

बेंबळी, ता. २६ फेब्रुवारी १९४४

चि. नागप्पास आशीर्वाद.

गौरा गाडीतून आपल्या पायांनी उतरली. आनंद झाला. पण त्याआधी क्षणभर वाटलं, वाकलेलीच परतली असती तर बरं. बायकोबद्दल असं वाटलं. मनात ठेववेना म्हणून तिला सांगून टाकलं. ती म्हणाली की ते तिला उतरतानाच माझ्या तोंडावर दिसलं होतं. मग ती भाकऱ्या थापायला बसली.

तिच्या पाठीला हात लावायची आता माझी छाती होत नाही. तक्ते घेऊन ये. जागेवर असून अडकलेलं कसं ओळखायचं, ते माझा हात धरून शिकव.

वाट पाहणारा,
अण्णा