ध्वनी – अनु.

१० नोव्हें., सोम.
झोटवाड्याच्या क्लासात तरंग सुरू केले. अकरावीच्या मुली, सगळ्या हिंदीतून शिकणाऱ्या. साताऱ्यात बारा वर्षं शिकवलं, पण मराठीतून. इथे महिनाभर बघून मग ठेवणार. नवऱ्याची, वि.ची, इकडे बदली झाल्यापासून दोन वर्षं घरात बसून काढली, ही नोकरी मला हवीच आहे.
दोरी हलवून दाखवली: कण वरखाली, तरंग पुढे. मग ध्वनी: कण तरंगाच्याच दिशेनं मागेपुढे. वेळ संपत आली, घाईत फळ्यावर सवयीनं लिहिलं: दोरी – अव., ध्वनी – अनु.

१४, शुक्र.
चाचणी तपासली. ध्वनी कोणता तरंग? अख्ख्या वर्गाचं उत्तर ‘अनुप्रस्थ’. एकीनं तरी बरोबर लिहावं! वि.ला म्हटलं, गाढवं आहेत सगळी.

१५, शनि.
सुमन वही घेऊन आली. “मैम, अनु तो आपने ही लिखवाया था।”
गाढव मीच. आपल्याकडे मराठीत दोरीचा अवतरंग, ध्वनीचा अनुतरंग. हिंदीत दोरीचा अनुप्रस्थ, ध्वनीचा अनुदैर्घ्य. दोन्ही अनु! पुस्तकात आधी अनुप्रस्थ येतं, पोरींनी तेच पुरं केलं.

१७, सोम.
क्लासचे मालक भार्गवजींना सांगितलं. म्हणाले, “मैडम, कह दीजिए बच्चियों ने पढ़ा नहीं। पेरेंट्स तक आपकी ग़लती पहुँची तो रखना मुश्किल होगा।”
माणूस वाईट नाही, मलाच वाचवत होता. ‘बघते,’ मी म्हणाले.

१८, मंगळ.
वर्गात सांगून टाकलं, चूक माझी. मग दोन्ही शब्द पुरे लिहून पुन्हा शिकवलं. सुमन म्हणाली, “मैम, बस में पीछे से धक्का लगता है, आगे तक पहुँच जाता है, पर आदमी वहीं का वहीं। वही अनुदैर्घ्य?”
“वही,” मी म्हटलं. मला नसतं सुचलं.

२०, गुरु.
एका मुलीच्या वडिलांचा भार्गवजींना फोन गेलाच. मला ठेवायचं की नाही, ते शनिवारी सांगणार. वि. म्हणतो, “गप्प बसली असतीस तर?” म्हटलं, तर सुमन स्वतःला मठ्ठ समजत राहिली असती. भीती मात्र वाटतेय.

२२, शनि.
भार्गवजी गावाला गेलेत. निकाल सोमवारवर.
प्रकाशाचा पाठ काढून बसले. विद्युतचुंबकीय हा शब्द दोन्हीकडे एकच, सुटले! प्रकाशाला माध्यमही लागत नाही. हे मला शिकवायचंय, सोमवारी वर्गात जाऊ दिलं तर.