दोन वाजून सात मिनिटं

बाबा, काल दुपारी मी तो खेळ पुन्हा लावला. तोच, परग्रहावरच्या ओसाड तळावरचा, एका गाजलेल्या इंग्रजी सिनेमावरून काढलेला. त्यात छतावरून, भिंतींवरून ती काळी, विंचवासारख्या लांब शेपटीची जनावरं अंगावर येतात. तुम्ही त्यांना इच्चू म्हणायचे. ड्युटीवरून आलात की चपला काढता काढता विचारायचे, "मेले का वं तुह्ये इच्चू?" आता तो माझ्या लॅपटॉपवर चालतो. चित्रं फारच भाबडी वाटली, एवढ्याशा चौकोनांना आपण इतके घाबरायचो याचं हसूही आलं. पण दोन मिनिटांत मला आवाज बंद करावा लागला. सैनिकाच्या हातात ते छोटं यंत्र असतं ना, जवळ काही हललं की टिक टिक करणारं, त्याच्यामुळे. समोर काहीच दिसत नाही, काहीतरी येतंय एवढंच कळतं. पुण्यात माझ्या शेजाऱ्यांची गाडी मागे घेताना तसंच वाजतं, आणि इतक्या वर्षांनंतरही माझी नजर आधी छताकडे जाते, मग घड्याळाकडे.

बसस्टँडमागचा कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा तुम्ही तिथलं एक मशीन हातगाडीवर घालून घरी आणलं होतं. मी अकरावीत होते. पोरगी टायपिंग शिकेल, असं तुम्ही आईला सांगितलंत. पोरगी टायपिंग शिकली नाही; आत राहून गेलेली सीडी तिला सापडली आणि ती खिडकीला चादर लावून भर दुपारी बंदूक घेऊन फिरायला लागली. आई कावायची, "पोरीच्या जातीले शोभते का हे?" तुम्ही म्हणायचे, "मारू दे वं, कुठं खरे हायेत." खेळाची एकच अडचण होती. मधे थांबून तो जपून ठेवता यायचा नाही. मेलं की ती पायरी, म्हणजे लेव्हल, पहिल्यापासून, आणि लाईट गेली तरीही पहिल्यापासून. आणि मेहकरची लाईट तर तुमच्या हातात होती.

तुम्ही गावाबाहेरच्या विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर. भारनियमनाचे दिवस. दुपारी दोनच्या ठोक्याला तुम्ही गावची लाईन पाडायचे. त्याआधी पाच मिनिटं आपल्या घरचा फोन एकदाच वाजायचा आणि बंद व्हायचा. बंद करून घे माय, असा त्याचा अर्थ. अख्ख्या गावात ती रिंग फक्त मला यायची, आणि मी ती हक्काची समजायचे. तुमच्या वेळेवर गावाचा केवढा विश्वास होता! वायरमन लोक सकाळी कामावर निघताना उपकेंद्रातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी आपापली मनगटं जुळवून घ्यायचे. खरं तर खांबावर चढण्याआधी त्यांनी तुम्हाला फोन करायचा, तुम्ही 'बंद केली' म्हणायचं आणि मगच चढायचं, असा नियम. पण फोन असायचा कुठेतरी चार खांब लांब, किराणा दुकानात. बारा वर्षांत तुमचं घड्याळ मिनिटभरही चुकलं नव्हतं. मग कोण कशाला जातं फोन करायला? दोन वाजले की चढायचे.

त्या दिवशी रिंग आली तेव्हा मी शेवटच्या पायरीवर होते. तिथे ती सगळ्यांची मोठी मादी असते. तीन आठवडे मी तिथपर्यंत पोचायला धडपडत होते. खेळ तसाच थांबवून मी उपकेंद्राचा नंबर फिरवला.

"बाबा, थोडं थांबा ना. शेवटची हाय."

"येळ झाली माय. मले थांबता येत नाही."

"तुमाले एवढंच येते. लोकायच्या घरात अंधार करनं."

 पलीकडून तुमच्या त्या पॅनेलची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, आता रागावणार. पण तुम्ही हळूच म्हणालात, "बरं. खेळ मंग. झालं की एक रिंग दे, तवा पाडतो."

लाईट दोन वाजून सात मिनिटांनी गेली. मला वाटलं, तुम्ही पाडली. संध्याकाळी कळलं की ती आपोआप पडली होती. बाजारातल्या डीपीवर तुमच्यासोबतचे वायरमन काका दोनच्या ठोक्याला घड्याळ बघून चढले होते. दोन तारा जोडणारा जंपर सुटला होता, तो बांधायला. आधी वरचे नट सैल करण्यात त्यांची चार-पाच मिनिटं गेली आणि मग त्यांनी चालू तारेला हात घातला; लाईन पडली ती त्याने.

काका वाचले. उजवा हात कोपरापासून गेला. चौकशीला साहेब आले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं, आणि रजिस्टरमध्ये तुमच्या अक्षरात लाईन पडल्याची वेळ त्याच घड्याळाप्रमाणे, दोन, लिहिलेली होती. बारा वर्षांत न चुकलेलं घड्याळ! स्टुलावर चढून तुम्ही स्वतः काटा मागे सरकवलात, हे समजायला मला हुशार असायची गरज नव्हती. माझ्या फोनबद्दल तुम्ही साहेबांना सांगितलं नाही, आईलाही नाही. तुमची बदली सोनाळ्याला झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आठवड्याच्या सुटीला तीन गाड्या बदलून यायचे, जेवायचे, आधी काकांकडे जाऊन बसायचे, मग झोपायचे. मनगटावरचं घड्याळ तुम्ही पुन्हा कधी घातलं नाही. आणि मशीनवर मी फडकं टाकलं ते टाकलंच. तुम्ही इच्चूंची चौकशी कधी केली नाही.

गेल्या रविवारी काका घरी आले होते, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मी आईकडे आलेलीच होते. मी चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. तुमच्या फोटोकडे बघून म्हणाले, "बारा वर्सांत एकच डाव चुकलं तुह्या बाबाचं घड्याळ. तो डाव माह्या वाट्याले आला, त्यात त्याचा काय दोष? मशीन हाय, मांगं पडते. पन तो मले तोंड दाखवाले लाजे वं. हरवख्ती माफी मागे. काऊन मागे, मले तं आजूनई समजलं नाही." मला समजत होतं. आई स्वयंपाकघरात होती, आम्ही दोघंच होतो, आणि मी काय केलं? बिस्किटांची प्लेट पुढे सरकवली.

म्हणून काल तो खेळ लावला. आता मधे जपून ठेवायची सोय आहे. मी ती वापरली नाही. आवाज बंद ठेवूनच शेवटच्या पायरीला पोचले, तिला मारलं. पडद्यावर चार ओळी आल्या, नावं वर सरकत गेली आणि सगळं काळं झालं. एवढंच होतं ते, बाबा.

हे पत्र तुम्हाला लिहिलंय, पण ते वाचायला हवं काकांनी. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, चालत चार मिनिटं. घडी करून मी ते पत्रिकेच्या पाकिटात घातलंय, आणि पाकीट माझ्या बॅगेत आहे. उद्याची सकाळची गाडी आहे. बॅगेतून ते बाहेर निघणार नाही, हे मी स्वतःला चांगलं ओळखते म्हणून सांगते.

एक मात्र तुम्हालाच सांगायचंय. शेवटच्या आजारपणात, आई औषध आणायला गेली होती तेव्हा, तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "त्या दिवशी जितली होती ना वं तू?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "हाव बाबा. जितली होती." तुम्ही मान हलवलीत आणि कुशीवर वळलात. बरं वाटलं असावं तुम्हाला.

जितली नव्हती. फोन ठेवल्यावर दुसऱ्याच मिनिटाला त्या मोठ्या मादीने मला मारलं, तेव्हा दोनही वाजले नव्हते. तुम्ही पलीकडे रिंगची वाट बघताय, हे माहीत होतं. फोन हाताशी होता. मी तो उचलला नाही. रागाने पायरी पहिल्यापासून सुरू केली आणि खेळत बसले.