डेकची वाटणी

कुंडल,
१२ एप्रिल २०२५

चिरंजीव बिराप्पास थोरल्या भावाचा आशीर्वाद.

हिकडं आमी सगळी खुशाल. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून पोस्टाला कामाला लावतोय. फलटणात तुझं बरं चाललंय, असं पाव्हण्यांकडनं कळतं. आपल्या सोनमचं लग्न ठरलंय. पत्रिका सोबत हाय.

पण पत्राचं कारण वेगळंच. तुझ्याकडचा स्पीकर पायजे.

रान वाटलं, मेंढरं वाटली, चकार शब्द झाला न्हाई. आन् कॅसेटच्या डेकवरनं आपण पंचांसमोर एकमेकांची गचांडी धरली! पंच तरी काय शहाणे? स्पीकर दोघांना एकेक, डेक मला, कॅसेटी तुला. आत अडकलेली तेवढी एक माझ्याकडं राहिली. झाकण आजून उघडत न्हाई, पण वाजतीया झकास. आपल्याच गजी नाचाच्या मंडळाची हाय, जत्रेत एक माईक माझ्या ढोलासमोर आन् दुसरा तुझ्या तोंडासमोर धरून भरलेली.

तर माझ्या स्पीकरातनं नुसता माझाच ढोल. इतकी वर्षं तेच ऐकतोय. तुझी वैनी म्हणती, "आवं, सोताचं किती कौतुक!" मी म्हणायचो, गाणं बिराप्पाच्या स्पीकरात गेलं, ते आता फलटणात.

परवा झाडलोट करताना सोनमच्या हातनं स्पीकरची वायर निघाली. तिनं ती डेकच्या शेजारच्या, तुझ्या स्पीकरच्या भोकात खुपसली, बटण दाबलं आन् तू गायला लागलास. गड्या, घरभर तुझा आवाज! वैनी तव्यावरची भाकरी टाकून पळत आली. "भावजी आलं? मग चपला कुठं हायत त्यांच्या?" म्हणून उंबऱ्यात बघाय लागली. भाकरी जळाली. मला लय रडू आलं, उगं कशाला लपवू?

आता पंचाईत अशी, ढोल लावला की तू गप, तुला लावलं की ढोल गप. म्हणून स्पीकर मागायला बसलो हुतो. सोनम मागनं वाचत हुती. म्हणली, "आबा, काकांना बोलवायचंय तर तसं लिवा की. स्पीकर कशाला मधी घालताय?"

तर लिवतो. चार मेला हळद हाय. ढोल मी धरणार. गायला मी दुसऱ्या कुणालाबी सांगितलेलं न्हाई, सांगणारबी न्हाई. तू आला न्हाईस तर नुसता ढोल वाजंल आन् पाव्हणं हसतील. हसू देत.

रस्त्याकडं डोळं लावून बसलेला
तुझा थोरला,
भाऊसो