डावा कान, उजवा कान

ता. ४ मार्च १९९९

आज आळीतल्या पोरांना शिकवलं. कोंडीबा दिसला की ब्यां करायचं. झ्याक जमलं — देवळापासनं त्याच्या दारापतोर ब्यां ब्यां. माझ्या दिराला मेंढाचोर हे नाव बी मीच पाडलंय. अजून लय बाकी हाय.

हे कराडकडं मेंढरं घिऊन गेले, तिकडंच तापानं गेले. कळप कोंडीबानंच हाकत आणला. सगळी मेंढरं माझ्या वाड्यात सोडली, एक सोडून. दिवाळीत ह्यांनी इकत घेतलेला मेंढा त्याच्या दारात बांधला! मी म्हणलं, डावा कान बघ, फाडलेला हाय. ती आमच्या घरची खूण. तर म्हणतो, "वैनी, उजवा बी बघा. ती माझी."

आरं, उजवा तू हे गेल्यावर कापलास की. मी त्यो मेंढा आधी बघितलाच न्हवता, म्हणून फावलं. "जास्त बोलाय लावू नगा," म्हणला अन् आत गेला.

ता. ९ मार्च

गुरांचा डाक्टर सौमित्र लस टोचाय आला हुता. म्हणला, "मावशी, त्या मेंढ्याचा अन् मालकांचा फोटो काढलाय मी दिवाळीत, कराडला."

देव पावला. पर फोटो कॅमेऱ्याच्या पोटात. रीळ नसतंय त्यात. भावानं अमेरिकेसनं धाडलेला जुना कॅमेरा, आता चालूच हुईना. वायर बी हरवली. मी म्हणलं, दगडानं फोडू का? घाबरला बिचारा.

ता. १५ मार्च

कराडला कंपुटरच्या क्लासात गेलो. कॅमेऱ्यातनं बिस्किटाएवढी पातळ पट्टी निघाली. फोटो तिच्यात. कंपुटरात घालाय अडाप्टर लागतो म्हणं. एक हुता, त्यो फटीत शिरंना. दुसरा डाक्टर मुंबईसनं मागवणार. "मावशी, दम धरा."

धरते. फोटो जत्रेत देवळाच्या दाराला चिकटवणार, तवर धरते.

ता. १९ मार्च

कोंडीबा वाटंत आडवा आला. "वैनी, वैरण हाय का घरात?" म्हणलं, तुझ्या मेंढ्याला इचार.

ता. २८ मार्च

अडाप्टर आला. दिसाय फ्लॉपीसारखा. त्याच्या पोटात पट्टी, अन् त्यो कंपुटरात. लय येळ घरघर. मग फोटो वरनं खाली हळूहळू उघडाय लागला. आधी ह्यांचं मुंडासं. मग तोंड — हसत हुते. डोळ्यात पाणी आलं माझ्या. मग मेंढा.

डाव्या कानातनं रगत गळतंय. ह्यांच्या हातात चाकू. अन् उजवा कान कापलेला — जुना, वाळलेला.

"मावशी, मोठा छापू?"

म्हणलं, नगं.

मला निरोप धाडला हुता, बाजारातनं घेतला म्हणून. सख्ख्या भावाच्या कळपातनं! अन् त्यो कोंडीबा महिनाभर ब्यां ऐकत गावातनं हिंडतोय. एकदा बी मेलेल्या भावाचं नाव काढलं न्हाई त्यानं.

ता. २९ मार्च

पोरांना सांगितलं, बास. आता कुणी ब्यां केलं तर कान उपटीन.

मग दार लावून घेतलं. भिंतीवरच्या ह्यांच्या हार घातलेल्या फोटोफुडं उभी ऱ्हायले, अन् मीच केलं. ब्यां.