बायबलची चेन

कुंभवली, सोमवार

प्रिय जानूदादांस,

धाकट्या धर्माजीचा प्रभूमध्ये सलाम. वहिनींचा गुडघा, तुमचा खोकला आणि जव्हारच्या मंडळीच्या प्रार्थनाघराचं गळकं छप्पर, तिघांनाही आता उतार पडला असेल. तुम्ही आमच्यासाठी रोज प्रार्थना करता हे गेल्या पत्रात वाचून आनंद झाला. आम्हीही तुमच्यासाठी रोज करतो. (फोनच केला असता, पण तुमची भावजय मंगला समोरच भाजी निवडत बसली आहे आणि हे तिच्या देखत बोलण्यासारखं नाही.)

दादा, सरळ सांगतो, माझा जळफळाट होतो आहे. कारण विश्राम. दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झालेला, कंपनीत ड्रम उचलणारा, एक अक्षर वाचता न येणारा माणूस. मी एकोणीस वर्षं मंडळीचा वडील, पाळकांच्या खालोखाल मान माझा! उपासनेत पहिली खुर्ची माझी. (तिच्यावर नाव लिहिलेलं नाही, पण बसून दाखवा कोणी.) आणि हल्ली कोणाला ताप आला की म्हणे विश्रामला बोलवा. उपासनेत सांगतो ती माझी साक्ष तुम्हाला ठाऊक आहेच, मी माडावरून पडलो आणि प्रभूने वाचवलं ती. परवा मी "माडावरून" म्हणतोय तोच मागच्या बायकांनी "पडलो" म्हणून वाक्य पुरं केलं. विश्रामची मात्र दर रविवारी नवी. या खेपेला काय, तर मुकादमाचा राग आला म्हणून त्याने स्वतःच जाऊन माफी मागितली. ही काय साक्ष झाली? मला मुकादमाचा वीस वर्षं राग आहे, मी कधी गाजावाजा केला का?

तर बुधवारी रत्नाबाईंकडे प्रार्थना होती. म्हातारी महिनाभर अंथरुणाला खिळली आहे. निरोप विश्रामला गेला, मला नाही! मी न बोलावता गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून, चेनच्या कव्हरातलं मोठं बायबल काखेत मारून. विश्राम भला माणूस (हीच तर अडचण आहे), म्हणाला, "काका, मला वाचता येत नाय, तुमी एक स्तोत्र वाचा." मी जरा खाकरलो, बायबल मांडीवर घेतलं आणि चेन ओढली. हलेना. पुन्हा ओढली. छे! आता इकडची हवा तुम्हाला माहीत आहे, खाडीचा खार आणि कंपन्यांचा धूर, लोखंड टिकतच नाही. पण रोज उघडणाऱ्याची चेन गंजत नाही, हे खोलीतल्या पंधराही जणांना कळत होतं. (रविवारी वचन पाळक वाचतात, मी मान डोलावतो.) आणि मी फिटर, दादा! जाम झालेले व्हॉल्व्ह सोडवायला कंपनीत मलाच हाक मारतात.

शेवटी विश्रामने रत्नाबाईंच्या उशाशी होतं ते खोबरेल घेतलं, दोन थेंब सोडले, चेन हळूहळू मागेपुढे केली आणि उघडली. आतून एक चिठ्ठी बाईंच्या गोधडीवर पडली. त्यांच्याच हातची, चार वर्षांपूर्वीची. 'माझा मुलगा देवू घर सोडून गेला. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा.' मी तेव्हा हो म्हणालो, चिठ्ठी आत ठेवली आणि चेन लावली. देवू दीड वर्षापूर्वी आपणहून परत आला. बाईंनी भर उपासनेत माझे आभार मानले, आणि मी (सगळे बघत होते हो, काय करणार) हात जोडून ते घेतले. बाईंनी चिठ्ठी ओळखली. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे धर्माजी. आता तरी वाच." मी वाचलं. मध्येच माझा आवाज फुटला. लोकांना वाटलं, पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला. लाज वाटत होती मला, दुसरं काही नव्हतं.

म्हणून विनंती अशी, की विश्रामला तुमच्याकडे बोलावून घ्या. डोंगरपट्ट्यात अशा माणसाची फार गरज आहे. इथे एक वडील पुरे.

आपला,
धर्माजी

ता. क. (शनिवार. पत्र पेटीत टाकायचं राहूनच गेलं.) विश्रामला इतक्यात बोलावू नका. शिफ्ट सुटली की तो माझ्याकडे अक्षरं शिकायला येतो, माझ्याच बायबलवरून. तो एक ओळ लावेपर्यंत मी पुढचं पान वाचून घेतो. बरंच काही आहे की हो आत!

आणखी एक. मुकादमाची माफी मागून आलो. तो म्हणाला, "किस बात की?" वीस वर्षं त्याला पत्ताच नव्हता.

शेवटचं. आम्ही तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो असं वर लिहिलं, ते लिहायची पद्धत म्हणून. कालपासून खरंच करतो आहे, खोकल्यासकट. तुम्ही करता का, ते मी विचारत नाही. पण तुमच्या बायबलला तसलीच चेन आहे, दोन्ही कव्हरं मंगलानेच बोईसरहून आणली होती. उघडत असेल तर माझं नाव घ्या, मला फार गरज आहे. उघडत नसेल तर आधी खोबरेल.