मुख्य शेफ आणि ऐंशी खुर्च्या

३ फेब्रुवारी, सकाळ
ठरलं. कॅटरिंग डिव्हिजन सुरू करायची.
बारा वर्षं मी लोकांच्या समारंभांना मंडप, माइक आणि खुर्च्या पुरवते. जेवण आचारीकाकांचं. शेवटी सगळे बोटं चाटत काकांचा नंबर मागतात. या खुर्च्या कुणाच्या, असं आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. बसलेले असतात त्यावरच.

५ फेब्रुवारी
काकांना सांगितलं. ते मोठा झारा घासत होते. म्हणाले, बरं. मग म्हणाले, मालकीणबाई, मीठ जरा हात राखून घाला.
मत्सर. दुसरं काय!

६ फेब्रुवारी
दोन एप्रन शिवून आणले. माझ्यावर 'मुख्य शेफ', नवऱ्याच्यावर 'सहायक'. नवरा म्हणाला, घरी रोजचा स्वयंपाक मी करतो ना गं? याला मॅनेजमेंट कळत नाही.

१२ फेब्रुवारी
सुपाचं ट्रायल. नवरा एका वाटीबरोबर चार ग्लास पाणी प्यायला. म्हणजे तब्येतीला चांगलं. मनाला लावून घेऊ नकोस, पण... असं काहीतरी म्हणत होता, तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेला. फोन वाजलेला मला ऐकू आला नाही. कान तपासून घ्यावेत.

१८ फेब्रुवारी
पहिली ऑर्डर! ताई रिटायर होतेय. एकतीस वर्षं एकच शाळा, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. समारंभ शाळेच्याच हॉलमध्ये.
ताईने विचारलं, छोटे, जेवण काकांचंच ना? मी म्हटलं, माझं. ती म्हणाली, बरं, कर तू. खुर्च्या ऐंशी पाठव.
आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. माझा डबा ताई भरायची आणि स्वतः तशीच कॉलेजला पळायची. पोळी एकच उरली असेल तर तिला भूक नसायची. हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा या दिवशी तिला माझ्या हातचं पोटभर जेवायला मिळालं पाहिजे. बाकीचं जाऊ दे.

२७ फेब्रुवारी
मेनू: सूप, भात, दोन भाज्या, खीर. ऐंशी माणसांचं. नवरा म्हणाला, एकतीस वर्षांत ताईने ऐंशीच माणसं जोडली? एकदा विचारून घे. मी म्हटलं, बारा वर्षं खुर्च्या मोजतेय, जेवढ्या खुर्च्या तेवढी माणसं. मला शिकवू नकोस.
विचारलं नाही. विचारलं की धंदा नवखा वाटतो.

१ मार्च, दुपारी १२.४०
शाळेचं स्वयंपाकघर. पडदा सरकवून हॉलमध्ये डोकावले. माझ्या ऐंशी खुर्च्या भरलेल्या. छान.
त्यांच्या मागे शाळेची बाकं. तीही भरलेली. भिंतीपर्यंत.
ताईने फक्त कमी पडणाऱ्या खुर्च्या मागवल्या होत्या.

१ मार्च, दुपारी १२.५५
दोनशे दहा. दोनदा मोजले. दुसऱ्यांदा दोनशे चौदा भरले.

१ मार्च, दुपारी १.१०
स्टेजवर चिठ्ठी पाठवली: प्रत्येक माजी विद्यार्थ्याने दोन शब्द बोलावेत.
दुसऱ्या रांगेत आचारीकाका. नवा शर्ट. त्यांची मुलगी इथेच शिकली. मी आधी खांबाआड उभी राहिले. मग गेले. काका, एवढंच म्हटलं.
मालकीणबाई, तांदूळ किती आहे, त्यांनी विचारलं आणि उठले.

१ मार्च, संध्याकाळ
काकांनी नवा शर्ट खुंटीला लावला आणि माझा एप्रन चढवला. 'मुख्य शेफ' त्यांच्या पोटावर अगदी नीट बसलं. नवऱ्याला स्कूटरवर तांदूळ-बटाटे आणायला पिटाळलं. सूप चाखून डोळे मिटले. बराच वेळ. मग म्हणाले, यात पोतंभर बटाटे गेले तरी चालतील, मीठ पुरून उरेल. माझ्या सुपाचा रस्सा झाला. मी काय करू, विचारलं. म्हणाले, तुम्ही पाणी उकळा.
भाषणं दोन तास वीस मिनिटं चालली. जेवण साडेतीनला. कुणी उपाशी गेलं नाही.
ताई सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरात आली. पातेल्यात एका ताटापुरतंच होतं. मी म्हटलं, मला भूक नाही. ती क्रेट उपडा करून बसली, मला शेजारी ओढलं आणि ताट दोघींच्या मध्ये ठेवलं. यातलं तू काय केलंस, विचारलं. मी म्हटलं, पाणी उकळलं.
छान उकळलंयस गं, म्हणाली.
रस्सा तिखट होता. डोळ्यांतून पाणी त्यामुळेच आलं.

३ मार्च
एप्रन काकांकडेच राहू दिला.
ताईचा फोन. म्हणाली, छोटे, लोक अजून कौतुक करतायत. कशाचं, मी विचारलं.
खुर्च्यांचं. एवढा वेळ बसूनही कुणाची पाठ दुखली नाही म्हणे. कुणाच्या आहेत, असं दोघांनी मुद्दाम विचारलं.