गिरणी मी आणली होती

घाटनांदूर,
२४ जानेवारी १९९७

प्रिय मोहन,

चारचौघांत मीही तुला मोहनराव म्हणतो, पण पत्र लिहायला बसलो की तू मला अंबाजोगाईच्या शाळेतल्या बाकावरच दिसतोस. निजामाच्या त्या उर्दू शाळेत मराठी कवितेचा आठवड्याला एकच तास, आणि मास्तर चाल लावून म्हणू लागले की खिडकीबाहेरचं लिंबाचं झाडसुद्धा डोलतंय असं मला वाटे. तुला ओळी पाठ होत नसत, पण आवाज खणखणीत. मला सगळ्या पाठ, पण उभं राहिलं की पाय लटपटत. मग मी मागून सांगायचो, तू पुढं म्हणायचास आणि शाबासकी तुला मिळायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

वच्छलावहिनींचं संक्रांतीचं वाण गावात पोचलं. बाईमागे अर्धा किलो पामतेलाची पिशवी, वर तुझा हात जोडलेला फोटो. थंडीनं तेल पार गोठलेलं. तीस वर्षं माझ्या घाण्यावर करडई घेऊन येणारी छबुबाई पिशवी नाचवत दारात उभी. "बसप्पा, ह्ये तेल हाय का मेणबत्ती? मोहनरावाचं तोंड बी कसं गारठलंय बगा!" बायका लई हसल्या, मीही हसलो. मग ती म्हणाली, "अन् तुमची गिरणी कुठवर आली?" 'मोहनरावाची' नव्हे मोहन, 'तुमची' म्हणाली, म्हणजे माझी.

पाच वर्षांमागं तू जिल्हा परिषदेला उभा राहिलास आणि माझ्याकडं घोषणा मागितलीस. मी घाण्याच्या दांडीवर बसल्या बसल्या रचली: 'मोहनराव गावाचा वाली, समजा तेलगिरणी आली!' आज कबूल करतो, आधी 'वाली' सुचलं, मग 'आली', आणि काय आली ते सगळ्यांत शेवटी. समोर करडईचं पोतं होतं, म्हणून गिरणी. ती ना तू कधी बोलला होतास, ना कुठल्या सरकारी कागदावर होती. पहिल्या सभेत टाळ्या पडल्या आणि दुसऱ्या सभेपासून तू गिरणीची जागा दाखवू लागलास. सटवाच्या मळ्यापल्याडचा माळ. व्यासपीठाखाली उभा राहून मलाही तिथं धुराडं दिसू लागलं. उत्तरेश्वरनं तर गिरणीच्या भरवशावर ज्वारी सोडून चार एकर करडई केली.

तू निवडून बीडला गेलास, गिरणी आली नाही. आलं ते जहाजातून परमुलखाचं तेल, आपल्यापेक्षा स्वस्त. घाण्याची रीत तुला ठाऊक आहे: करडई बाईची, तेल बाईचं, मेहनतीची पेंड तेवढी माझी. आता बायका येत नाहीत. घाणा उभा आहे, बैल विकला. त्याबद्दल कुरकूर नाही. छबुबाईच्या घरात सहा तोंडं, तिनं स्वस्त तेल का घेऊ नये? पण करडईला गिऱ्हाईक उरणार नाही हे तुला बीडला कळत होतं, आणि आम्ही विचारलं की तू म्हणायचास, "येतीय, येतीय."

परवा पारावर गाव जमलं. उत्तरेश्वर म्हणाला, "औंदा मतदानच नको. कुणी बी निवडून आलं तरी पिशवीच देणार." भराभर हात वर झाले. मला बावन्न साल आठवलं. आपण दोघं बैलगाडीतून पहिल्या मतदानाला गेलतो, सोबत माझी आई जगदेवी, ठेवणीतलं इरकल नेसून. परतताना ती सारखी विचारत होती, "निजामाला बी एकच मत अन् मला बी एकच?" आणि घर येईस्तोवर स्वतःशीच हसत होती. ते मत असं टाकून द्यायचं? मी उठलो. या वेळी पुढं म्हणायला तू नव्हतास. म्हटलं, गिरणी मोहनरावांनी आणली नव्हती, मी आणली होती, यमकासाठी. मग उत्तरेश्वर हळूच म्हणाला, "तुमच्या कवितेपायी माजी चार एकर गेली की हो, बसप्पा." आणि पुढं, "आता निदान खरं बोललात. मग तुमीच ऱ्हावा की उभं."

काल तुझा माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन यंदाची घोषणा न्यायला आला, त्याला रिकामा परत पाठवला. म्हणून हे पत्र. आज सकाळी अंबाजोगाईला जाऊन मी तुझ्याविरुद्ध अर्ज भरला. सूचक म्हणून सही उत्तरेश्वरची आहे. ही बातमी तुला पेपरातून कळू नये, माझ्या हातची असावी. मी काहीही आणण्याचं वचन दिलेलं नाही. महिन्यातून एकदा पारावर बसून बीडला काय मागितलं आणि काय उत्तर मिळालं ते सांगेन, एवढंच. ते ऐकून बहिष्कार म्हणणारे निम्मे तरी मत द्यायला तयार झालेत, उरलेलेही होतील. मी निवडून येईन असं मला वाटतं, मोहन; या वयात असं वाटणं फार गोड आहे. तुझं नाव अजून आपल्याच गावच्या यादीत आहे. मतदानाला वहिनींना घेऊन ये. मत कुणालाही दे, जेवायला मात्र आमच्याकडंच.

तुझाच, अजून त्याच बाकावरचा,
बसप्पा